छोटा डीएसएलआर घेताय? आधी डोळा कुठे लावणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फक्त फोटो काढायचे आहेत, व्हिडिओ नको. घरची माणसं, प्रवास, अधूनमधून डोंगरदऱ्या. हात लहान आहेत आणि गळ्यात ओझं नको. निकॉन डी३५००, निकॉन डी५६००, कॅनन २५०डी आणि कॅनन १५००डी यांपैकी कोणता घ्यावा? आणि 'सगळ्यांत छोटा म्हणून जुना कॅनन १००डी चालेल का' असंही विचारलंय.

आधी उत्तर देते, मग कारणं. डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या बघायच्या छोट्या खिडकीला, लावूनच फोटो काढणार असाल तर डी३५००. मुलं, कुत्री, खेळ असं पळणारं काही जास्त टिपायचं असेल तर डी५६००. मोबाइलसारखं मागच्या स्क्रीनवर बघून काढायची सवय सुटणार नसेल तर डोळे झाकून २५०डी. १५००डी यादीतून काढून टाका. १००डी अजूनही गोड कॅमेरा आहे, पण एका अटीवर; ती पुढे सांगते.

एक खुलासा आधीच करते, नाहीतर गोंधळ होतो. २५०डी हाच कॅमेरा आशियात बऱ्याच ठिकाणी २००डी मार्क टू म्हणून विकला गेला, अमेरिकेत रिबेल एसएल३ म्हणून आणि जपानमध्ये किस एक्स१० म्हणून. १५००डी म्हणजेच २०००डी. तीन वेगवेगळे कॅमेरे समजून तुलना करत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता आकार. डीएसएलआर एका मर्यादेपलीकडे बारीक होऊच शकत नाही, कारण लेन्स आणि सेन्सर यांच्या मधे आरसा हलायला जागा लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) लेन्सच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, कॅननच्या ईएफमध्ये ४४ मिमी. म्हणूनच १५००डी सोडून बाकीच्यांची जाडी बघा: डी३५०० ६९.५ मिमी, २५०डी ६९.८, १००डी ६९.४, डी५६०० ७०. सगळे एकाच घरातले. कंपन्यांनी जी काटछाट केली ती रुंदीत, उंचीत आणि वजनात. बॅटरी-कार्डासकट १००डी ४०७ ग्रॅम, डी३५०० ४१५, २५०डी ४४९, डी५६०० ४६५, १५००डी ४७५. म्हणजे सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत जड यांच्यात ७० ग्रॅमचाही फरक नाही. हा फरक हातात घेतल्यावर कळतो, खांद्यावर दिवसभर वागवताना कळत नाही. खांद्याला कळते ती लेन्स.

वजनापेक्षा पकड बघा. डी३५००ची मूठ खोल आहे, मधली तीन बोटं आत जाऊन बसतात. २५०डी रुंदीला आणि उंचीला थोडा कमी, त्यामुळे मोठ्या हाताच्या माणसाची करंगळी खाली लोंबकळते. तुमचे हात लहान आहेत म्हणता, म्हणजे तुम्हाला २५०डी उलट जास्त आवडेल. १००डी तर आणखी छोटा. किट लेन्सपर्यंत, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सपर्यंत, ठीक, पण पुढे लांब झूम लावला की तोल पुढे जातो आणि मनगट भरून येतं.

सेन्सरवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण तिथे निर्णय होत नाही. डी३५००, डी५६००, २५०डी, १५००डी सगळे २४ मेगापिक्सेलचे, एपीएस-सी आकाराचे, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. निकॉनचा सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, कॅननचा २२.३ × १४.९, क्षेत्रफळात दहा टक्क्यांच्या आसपास फरक. एकाच लेन्सने, एकाच उजेडात काढलेले फोटो कागदावर छापून शेजारी ठेवले तर कोणता कुठला हे मलाही सांगता येणार नाही. सांगता येतं ते एकाच ठिकाणी: रॉ फाइलमधल्या (कॅमेऱ्याने न सजवलेल्या मूळ फाइलमधल्या) काळोख्या सावल्या नंतर संगणकावर उजळायच्या असतील तर. खिडकीत उभा माणूस, मागे लख्ख आकाश, चेहरा काळा. असा फोटो निकॉनवर जास्त सहज सावरतो. २५०डीमध्ये हे अंतर बरंच कमी झालंय. १००डीच्या १८ मेगापिक्सेलच्या जुन्या सेन्सरवर मात्र सावल्या ओढल्या की रंगीत रवा दिसतो. ही त्याची अट: उजेड मोजून, फोटो काढतानाच नीट काढणाऱ्याने १००डी घ्यावा. 'नंतर बघू' म्हणणाऱ्याने घेऊ नये.

डी३५००ची रॉ फाइल १२ बिट असते, बाकीच्यांची १४; जास्त बिट म्हणजे छटांच्या जास्त पायऱ्या. यावर लोक हिरिरीने भांडतात. मी इतकी वर्षं नवशिक्यांना शिकवते, १२ बिटमुळे फोटो बिघडलेला कुणी अजून माझ्याकडे आणलेला नाही. हललेले मात्र रोज येतात.

आता मुख्य मुद्दा, डोळ्याचा. डीएसएलआरमध्ये खरं म्हणजे दोन कॅमेरे असतात. व्ह्यूफाइंडरमधून बघता तेव्हा आरसा खाली असतो, उजेडाचा काही भाग तळातल्या वेगळ्या फोकस सेन्सरकडे जातो आणि फोकस झटकन होतो. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघणं, सुरू केला की आरसा वर उचलला जातो, तो वेगळा सेन्सर आंधळा होतो आणि फोकसचं काम चित्र घेणाऱ्या सेन्सरलाच करावं लागतं. इथे कॅनन आणि निकॉन यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. २५०डीत ड्युअल पिक्सेल फोकस आहे; सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत वाचला जातो, त्यामुळे लेन्स कोणत्या दिशेला आणि किती फिरवायची हे कॅमेऱ्याला लगेच कळतं. स्क्रीनवर बोट ठेवा, फोकस झाला. चेहरा ओळखतो, डोळाही ओळखतो. डी३५०० आणि डी५६०० लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्स पुढेमागे करून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र कुठे सगळ्यांत ठसठशीत दिसतं ते, शोधतात. स्थिर वस्तूला चालतं. रांगणाऱ्या बाळाला नाही.

व्ह्यूफाइंडरमधून मात्र पारडं फिरतं. २५०डीला फोकस बिंदू ९, त्यांतला फक्त मधला क्रॉस-टाइप. म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेघा पकडणारा. डी३५००ला ११, तिथेही क्रॉस-टाइप एकच. डी५६००ला ३९, त्यांतले मधले ९ क्रॉस-टाइप. ९ किंवा ११ बिंदू म्हणजे चौकटीत मधोमध विरळ ठिपके. चेहरा दोन ठिपक्यांच्या मधे आला की तुम्ही मधल्या बिंदूने फोकस करून, बटण अर्धं दाबून धरून, चौकट सरकवता. आम्ही सगळे असंच शिकलो, त्यात वाईट काही नाही. पण तुमच्याकडे धावत येणाऱ्या मुलाच्या बाबतीत सरकवायला वेळ नसतो, आणि तिथे डी५६००चे ३९ बिंदू कामाला येतात. सलग फोटोंचा वेग डी३५००, डी५६०० आणि २५०डी तिघांचाही सेकंदाला ५. १५००डी ३ वरच अडकलाय.

व्ह्यूफाइंडर किती मोठा दिसतो हे कागदावरून कळत नाही, कारण कंपनी देते तो आकडा तसाच तुलनेला घेता येत नाही. २५०डीचं मॅग्निफिकेशन ०.८७ आणि डी३५००चं ०.८५, म्हणून कॅनन मोठा असं वाटतं. पण तो आकडा ५० मिमी लेन्सवर मोजलेला असतो आणि कॅननचा सेन्सर लहान. सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा किती पट लहान ते सांगणाऱ्या क्रॉप फॅक्टरने, म्हणजे कॅननला १.६ ने आणि निकॉनला १.५ ने भागा. डी३५०० ०.५७, डी५६०० ०.५५, २५०डी ०.५४, १५००डी ०.५०. म्हणजे डी३५००चा सगळ्यांत मोठा. फरक थोडा आहे, पण संध्याकाळच्या उजेडात थोडा फरकही जाणवतो. हे चारही कॅमेरे काचेच्या भरीव प्रिझमऐवजी आरशांचा पोकळ डबा वापरतात. वजन वाचतं, उजेड थोडा जातो. आणि चारही जण चौकटीच्या ९५ टक्केच दाखवतात, म्हणून काढताना न दिसलेली विजेची तार फोटोच्या कडेला उगवते. तो तुमचा आंधळेपणा नाही.

चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट. डोळा किती लांब ठेवून पूर्ण चौकट दिसते ते अंतर २५०डीत १९ मिमी, डी३५००त १८, डी५६००त १७. चष्म्यासकट बघणाऱ्याने दुकानात चारही कोपरे दिसतात का ते पाहावं. आणि कुणी ४०००डी, म्हणजे काही ठिकाणचा ३०००डी, स्वस्त म्हणून पुढे केला तर नको म्हणा: त्याला चष्म्याचा नंबर जुळवायचं चाकच नाही, शिवाय लेन्स बसते ते कडं प्लास्टिकचं.

फोकसबद्दल एक कटू सत्य सांगायलाच हवं. आरशाखालचा तो वेगळा सेन्सर आणि चित्राचा सेन्सर यांच्यात केसभर फरक असला की फोकस डोळ्याऐवजी कानावर जाऊन बसतो. महागड्या बॉडीत प्रत्येक लेन्ससाठी ही चूक दुरुस्त करायची सोय असते. तुमच्या यादीतल्या एकातही नाही. किट लेन्सवर हे लक्षातही येत नाही, एफ/१.८ची, म्हणजे मोठ्या तोंडाची आणि खूप उजेड घेणारी, लेन्स लावली की उघडं पडतं. २५०डीवर पळवाट आहे: स्क्रीनवर जा, तिथे चित्राचाच सेन्सर फोकस करतो, चूक उरतच नाही. निकॉनवाल्यांनी नवी लेन्स घेतल्या घेतल्या, परत करायची मुदत संपायच्या आत, तिरक्या ठेवलेल्या मोजपट्टीवर तपासून घ्यावी.

आता लेन्स. माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो. निकॉनची १८-५५ एएफ-पी व्हीआर २०५ ग्रॅम, कॅननची १८-५५ एफ/४-५.६ आयएस एसटीएम २१५ ग्रॅम. दोन्ही चांगल्या, दोन्ही स्थिरीकरणासह, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या. निकॉनच्या किट लेन्सची एक खोड: ती मिटून ठेवता येते आणि वापरण्यापूर्वी बाजूचं बटण दाबून उघडावी लागते. पहिल्या महिन्यात तुम्ही हे विसरणार आणि स्क्रीनवर सूचना वाचत असताना पक्षी उडून जाणार. माझे दोन उडाले.

पुढे मात्र दोघांचे स्वभाव वेगळे. निकॉनकडे ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स आहे, २०० ग्रॅमची, २००९ सालची. एपीएस-सीवर ती फिल्मच्या काळातल्या ५० मिमीसारखी बघते, म्हणजे घरात एक माणूस आरामात मावतो, आणि उजेड किट लेन्सच्या किमान चौपट आत घेते. घरची माणसं काढायची आहेत म्हणालात, तर फक्त या एका लेन्ससाठी निकॉन घ्यावा असं मी बऱ्याच जणांना सांगितलंय. कॅननकडे तशी स्वस्त ३५ एफ/१.८ या माउंटमध्ये नाही. तिथे ५० मिमी एफ/१.८ एसटीएम आहे, १६० ग्रॅम, सुरेख, पण १.६ ने गुणल्यावर ती ८० मिमी होते आणि लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते. याच्या बदल्यात कॅननकडे २४ मिमी एफ/२.८ एसटीएम आहे: १२५ ग्रॅम आणि जाडी २३ मिमीपेक्षाही कमी, अगदी बिस्किटासारखी. १००डीवर ती लावली की सगळं मिळून ५३२ ग्रॅम होतं आणि जाकिटाच्या मोठ्या खिशात जातं. निकॉनच्या छोट्या बॉडीसाठी ऑटोफोकसवाली अशी चपटी लेन्स नाहीच. फिरताना कॅमेरा घरी राहू नये ही तुमची खरी अडचण असेल, तर माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा ही २४ मिमी वजनदार ठरते. म्हणजे हलकी ठरते, पण कळलं ना.

जुन्या लेन्स मिळतायत म्हणून खूश होण्याआधी हे वाचा. कॅननच्या १९८७ पासूनच्या प्रत्येक ऑटोफोकस ईएफ लेन्समध्ये मोटर आहे, त्यामुळे ती कुठल्याही कॅनन डीएसएलआरवर फोकस करते. निकॉनचं माउंट १९५९ पासूनचं, कौतुकास्पद आहे, पण डी३५०० आणि डी५६०० यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेल्या लेन्सच घ्यायच्या. नुसतं 'एएफ' किंवा 'एएफ-डी' लिहिलेली ५० मिमी बसेल, फोटोही येईल, फोकस मात्र हाताने. त्याहून जुनी, हातानेच फोकस करायची लेन्स लावली तर उजेडाचं मापनही बंद. उलट बाजूने, एएफ-पी लेन्स डी३१०० किंवा डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकस करतच नाही. माझ्या वर्गात एकाने वडिलांची जुनी ५० मिमी कौतुकाने आणली आणि 'लेन्स बिघडलीय' म्हणून दोन दिवस हळहळत होता. बिघडली नव्हती, मोटरच नव्हती.

फ्लॅश वापरणार असाल तर २५०डीबाबत जरा थांबा. त्याच्या वरच्या हॉट शूवर, म्हणजे फ्लॅश अडकवायच्या खाचेत, मधली पिन नाही. पूर्वी जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यावर असायची, आणि साधे स्वस्त फ्लॅश व रेडिओ ट्रिगर त्याच एका पिनवर पेटतात. कॅननचे स्वतःचे फ्लॅश चालतात, खास कॅननसाठी बनवलेले काही इतरही चालतात. कुठल्याही कॅमेऱ्यावर चालणारा साधा जुना फ्लॅश मात्र पेटणार नाही. १००डी आणि पहिला २००डी यांना ती पिन आहे. स्टुडिओचे दिवे वापरायचं स्वप्न असेल तर २०१७चा २००डी हा जास्त शहाणा पर्याय: तोच ड्युअल पिक्सेल फोकस, फिरणारी टच स्क्रीन, ४५३ ग्रॅम. मुख्यतः डोळा ओळखणं आणि बॅटरी यांत तो मागे आहे.

डी३५००चीही काटछाट ऐकून घ्या, नाहीतर मी निकॉनची माणूस ठरेन. स्क्रीन स्थिर, टच नाही. वाय-फाय नाही, फक्त ब्लूटूथ, तेही मुख्यतः मोबाइलवर २ मेगापिक्सेलचे छोटे फोटो आपोआप पाठवण्यासाठी. सेन्सरवरची धूळ झटकणारी कंपनांची सोय काढून टाकलीय. आधीच्या डी३४००वर असलेलं एफएन बटणही गेलं, त्यामुळे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, बदलायला 'आय' बटण दाबून स्क्रीनवर जावं लागतं. मी तिथे ऑटो आयएसओ लावते, कमाल ३२०० आणि शटर किमान १/१२५ ठरवून देते आणि विसरून जाते. घरातल्या माणसांसाठी तेवढं पुरतं. डोंगरदऱ्यांसाठी एक उणीव मोठी आहे: एकामागोमाग कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो आपोआप काढायचं ब्रॅकेटिंग डी३५००त नाही. २५०डी आणि डी५६०० दोघांत आहे. अर्थात डी३५००च्या सावल्या इतक्या सावरतात की मला तीन फोटो क्वचितच लागतात. आकाश जपून, थोडा काळोखा एकच काढायचा.

बॅटरीत डी३५००ला तोड नाही: कंपनीच्या मापाने १५५० फोटो. २५०डी १०७०, डी५६०० ९७०, १५००डी ५००, बिचारा १००डी ३८०. हे आकडे व्ह्यूफाइंडरचे. सतत स्क्रीनवर काढलंत तर २५०डी निम्म्याच्याही खाली येतो, म्हणून त्याच्याबरोबर दुसरी बॅटरी धरूनच चाला.

चारही कॅमेऱ्यांना फिरवायचं चाक एकच. मॅन्युअलमध्ये शटर चाकाने, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) बटण दाबून धरून चाकाने. शिकायला हे थोडं कंटाळवाणं आहे, पण बोटं महिन्याभरात शिकतात. दोन चाकं, खरा काचेचा प्रिझम, १०० टक्के चौकट, पावसाला न भिणारी बॉडी आणि बॉडीतच स्थिरीकरण हे सगळं या वर्गात हवं असेल तर पेन्टॅक्स के-७० कडे बघावं लागतं. तो ६८८ ग्रॅमचा आहे, म्हणजे तुमच्या प्रश्नातल्या 'ओझं नको'शी त्याचं जमत नाही.

आता खरेदी. डी३५०० २०१८चा आणि २५०डी २०१९चा. या छोट्या वर्गात त्यानंतर दोघांनीही नवा डीएसएलआर आणला नाही, सगळा जोर आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर गेला. त्यामुळे तुम्ही बहुधा वापरलेला घेणार. निकॉनचा शटर किती वेळा पडला हे जेपेग फाइलच्या माहितीतच लिहिलेलं असतं. ताजा फोटो काढून फाइल मागा आणि शटर काउंट दाखवणाऱ्या कुठल्याही साधनात उघडा. डी३५००चं शटर १ लाखासाठी तपासलेलं आहे, त्यामुळे १० हजार म्हणजे नुकता रांगायला लागलेला. कॅननच्या या मॉडेल्समध्ये फाइलमध्ये तो आकडा नसतो, म्हणून तिथे मूठ आणि बटणांची झीज बघायची. अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस घालवून, फोटो काढा. सेन्सरवरची धूळ राखाडी ठिपके होऊन दिसते. ठिपके पुसता येतात, ओरखडा नाही, तो रेघेसारखा दिसतो. बॉडीतला फ्लॅश एकदा उघडून पेटवा. मग लेन्स काढा आणि परत बसवा: कडं डगडगत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

तुमच्या जागी मी असते तर डी३५००, त्याची १८-५५ आणि ३५ एफ/१.८ एवढंच घेतलं असतं, आणि पहिले तीन महिने ३५ कॅमेऱ्यावरून उतरवलीच नसती. फक्त एक विचारते: घरात फोटो तुम्ही एकटेच काढणार, की इतरांच्या हातातही कॅमेरा जाणार? इतरांच्या हातात जाणार असेल तर ते व्ह्यूफाइंडरला डोळा लावणार नाहीत, मोबाइलसारखा हात लांब करूनच धरतील. मग माझं उत्तर बदलतं, २५०डीच घ्या.